शर्टाच्या खिशावरचं भूत

"मावशीचं भूत हरवलं!" ढब्बू धडाधडा जिना चढत ओरडला. गच्चीवर पत्ते पिसत बसलेली चिमणी आणि तिचा दादा दोघंही दचकले.

"भूत हरवतं का कुठं? काहीतरीच!" दादा म्हणाला.

"अरे, कागदावरचं! शेवटचं प्रकरण! सहाच्या सहा पानं गायब!"

पत्ते तिथंच टाकून तिघं मावसभावंडं खाली पळाली.

त्यांची ही थोरली मावशी भुताच्या कादंबऱ्या लिहायची. वाचणाऱ्यांची झोप उडायची, पण ती स्वतः मात्र महाभित्री! सकाळचं ऊन टेबलावर आलं की ती लिहायला बसणार, तेही दार सताड उघडं टाकून आणि स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवून. दिवे लागायच्या आत पेनाला टोपण! जुन्या पुस्तकांची छपाई तपासून झालेले पाठकोरे कागद, निळी शाई आणि बोराएवढी अक्षरं. लिहून झालं की पान लगेच उपडं. "त्यातलं कुणी माझ्याकडे टक लावून बसायला नको, बाई!" असं ती म्हणायची.

आज ती रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसली होती.

"पाच वाजता प्रकाशक येणार," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं लिहितेय रे. आता परत लिहायला बसले तर शेवट दुसराच होईल. हा एकदाच आला होता."

जणू एखाद्या पाहुण्याबद्दल बोलत होती!

"कदाचित तिलाच हा शेवट आवडला नसेल," मावशी पुटपुटली.

"कुणाला?" चिमणीनं विचारलं.

"गोष्टीतल्या तिला." भुताचं नाव मावशी तोंडानं घेत नसे.

चिमणीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दादा आणि ढब्बू पानं शोधायला पलंगाखाली शिरले. चिमणी कपाटाच्या आरशासमोर सुटलेली रिबीन बांधत उभी राहिली. दुपार कशी पेंगुळलेली होती. पडदा फुगत होता, बसत होता. आरशात मागची खिडकी दिसत होती. खिडकीपलीकडे अरुंद गल्ली, आणि समोरच्या शिंपीकाकांच्या गॅलरीत दोरीवर एक पांढरा शर्ट बाह्या पसरून डुलत होता. त्याच्या खिशावर निळी अक्षरं होती.

"मागे वळू नकोस, मी आहे."

चिमणी गर्रकन मागे वळली! शर्ट तिथंच होता, पण अक्षरं मात्र वाचता येईनात. पुन्हा आरशात पाहिलं, तर ठळक!

"दादा!" ती किंचाळली.

दादानं एकदा आरशात पाहिलं, एकदा खिडकीतून. "उलटी उमटलीत, ठशासारखी! आणि अक्षर मावशीचं!"

"पण भूत शर्ट घालतं?" ढब्बूनं विचारलं.

"तू गप रे! चल पळ!"

तिघं गल्ली ओलांडून पोचेपर्यंत शर्ट दोरीवरून बादलीत गेला होता.

"या, चिल्लीपिल्ली!" शिंपीकाकांनी ओला शर्ट झटकला. "शाई कुठून लागली कुणास ठाऊक! पण काढली बघा. आहे का काही मागमूस?"

दादाचं लक्ष भिंतीकडे होतं. खिळ्याला कापलेले कागद टांगले होते. बाही, कॉलर, पाठ... कापड बेतायचे नमुने! त्यानं एक बाही काढून पालथी केली. एका बाजूला छापील मजकूर, दुसऱ्या बाजूला बोराएवढी निळी अक्षरं!

"काका, हे कागद कुठले?"

"तुमच्या मावशीकडचे. छापील रद्दी टेबलावरून नेत जा, असं तिनंच सांगितलंय. दहा वर्षं नेतोय! आज सकाळी गेलो, ती चहा टाकत होती. म्हटलं, कशाला हाक मारा?"

"उलटून नाही पाहिलंत?"

"छापील दिसलं, उचललं!" काकांनी जीभ चावली. "अरे देवा! म्हणजे मी..."

"भुताच्या बाह्या कापल्यात!" ढब्बू म्हणाला.

साडेचारला मावशीच्या टेबलावर खळीची वाटी आली. बाहीला पाठ जुळली, पाठीला कॉलर. पाच पानं उभी राहिली, सहावंही राहिलं. पण त्याच्या तळाशी खिशाएवढं भोक होतं!

"कापड करपू नये म्हणून तो तुकडा ओलसर खिशावर ठेवून इस्त्री फिरवली मी," काका पुटपुटले. "कागदच करपला, म्हणून शेगडीत टाकला, आणि शर्ट न बघताच वाळत घातला."

मावशीचा चेहराच उतरला. "सात वेळा खोडून आठव्यांदा जमलं होतं ते वाक्य. तेवढंच आठवत नाहीये."

"मला येतं!" चिमणी म्हणाली. "मागे वळू नकोस, मी आहे."

मावशीनं भोकावर कागद चिकटवून ते वाक्य लिहिलं. मग तिनं ते पान मोठ्यानं वाचलं. धुक्यात वाट चुकलेली मुलगी चालतेय. मागून पावलं येतायत. कादंबरीभर तिला ज्यांची धास्ती वाटली, तीच पावलं! आणि घराचा दिवा दिसतो तेव्हा मागून आवाज येतो, "मागे वळू नकोस, मी आहे." ती पावलं तिला घरी पोचवायला आली होती.



पाचच्या ठोक्याला प्रकाशक आले. "अहो बाई, ही कादंबरी आहे की झबलं?" ते हसले. पण वाचता वाचता पानांवर झुकले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "मुलांनो, हे वाक्य गेलं असतं तर पुस्तक लंगडं झालं असतं! शाबास!"

"पण तुला पाठ कसं गं झालं?" मावशीनं विचारलं.

"खूप घाबरले ना, म्हणून!"

"म्हणजे तीन वर्षं फुकट नाही गेली माझी!" मावशीनं तिला जवळ ओढलं. शिंपीकाकांनी तर कान पकडले आणि यापुढं हाक मारल्याशिवाय कागदाला हात लावणार नाही, असं कबूल केलं.

पुढं केस पांढरे झाल्यावरही चिमणीला ती दुपार, तो फुगणारा पडदा जसाच्या तसा दिसायचा. आणि त्याच दिवशीची संध्याकाळही! गच्चीवर राहिलेले पत्ते आणायला ती एकटीच अंधारा जिना चढली होती. येताना पायऱ्या मागे कुरकुरल्या.

"हो, माहितेय," ती म्हणाली, आणि मागे न वळता सावकाश खाली आली.