फळीवरची टाच

बापूजींचा उजवा गुडघा बदलून सहा दिवस झाले होते. मी अमरावतीहून रजा टाकून आंजीला, वडिलांच्या घरी आले होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधराव्या दिवशी गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे. नाही वाकला तर भूल देऊन वाकवावा लागतो, आणि बापूजींच्या हृदयाला आता दुसरी भूल झेपणार नव्हती. म्हणजे पाय कायमचा काठीसारखा ताठ, आणि वांग्याची वाडी दुरूनच बघायची.

तरी बापूजी व्यायाम करत नव्हते. आई जाऊन चार महिने झाले होते.

“कोनासाठी वाकवू?” ते म्हणत.

शेजारच्या कमलाकाकू रोज सकाळी डोकावत. “काऊन बापूजी, गुडघा नवा अन् मानूस जुनाच?”

“एरंडीचं तेल असन तर आना. करकर करून राह्यला.”

“तेल गुडघ्याले नाई, डोक्याले लावा.”

व्यायामाची फळी आईची होती. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा बदलला, तेव्हा तिनं ती सुताराकडून करून घेतली होती. खाटेवर फळी ठेवायची, तिच्यावर पावडर टाकायची आणि टाच सरकवत अंगाकडे ओढायची. उद्या टाच कुठवर न्यायची, तिथं ती आजच कुंकवाचा ठिपका लावून ठेवी. तिला सगळी तयारी आधी लागे. पाहुणे त्यांच्या घरून निघायच्या आत आमच्याकडे पाट मांडलेले असत.

सातव्या दिवशी सकाळी फळीवर दोन रेघा होत्या. एक बापूजींची, आदल्या दिवशी माझ्या आग्रहाखातर ओढलेली, जेमतेम वीतभर. दुसरी तिच्या डावीकडे, अरुंद, चार बोटं पुढे गेलेली. तिच्या टोकाला कुंकू.

“हे तुम्ही केलं?”

“डाव्या पायानं? वाकायचं तं उजव्याले हाये.”

बापूजींनी मान वाकवून रेघ पाहिली. मग त्यांनी लुंगी सारखी केली.

“तुही माय मले हरवून राह्यली,” ते म्हणाले. “ठेव पाय फळीवर.”

त्या दिवशी ते ठिपक्यापर्यंत पोचले. कण्हत, शिव्या देत, पण पोचले. वर चहाही दोनदा मागितला.

मी भोळी नाही. संध्याकाळी फळी पुसून नवी पावडर टाकली आणि ती कपाटावर ठेवली. तिथं बापूजींचा हात पोचत नाही, वॉकर धरून तर नाहीच. कुंकवाचा करंडा कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या उशीखाली ठेवली.

सकाळी स्टुलावर चढून पाहिलं. डावीकडे रेघ होती. ठिपका कालच्याहून दोन बोटं पुढे होता. रेघेच्या मधोमध पावडरीचा एक केसाएवढा उंचवटा राहिला होता.

आईच्या डाव्या टाचेला भेग होती. तिच्या ऑपरेशननंतर मी इथं राहिले होते, तेव्हा रोज मीच तिथं कोकमतेल लावत असे.

मी रेघेला बोट लावलं नाही. पुसली गेली असती.

पुढचा आठवडा घरात शर्यत लागली. बापूजी उठल्या उठल्या विचारत, “आज कितीवर गेली?” कमलाकाकूंना वाटे, ते गुडघ्याचं विचारतात.

“पैलवान झाले बापूजी.”

“सोबत हाये ना,” ते म्हणत.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी मापून पाहिलं. पंच्याण्णव.

“घरी व्यायाम कोण करून घेतं?” त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

“घरचंच मानूस हाये,” बापूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वॉकर टेकत ते वाडीच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत गेले आणि ओच्यात चार वांगी घेऊन आले. कमलाकाकूंनी ती मोजून नावं ठेवली. घरात चार महिन्यांनी भरल्या वांग्याचा वास दरवळला. मी फळी घासून धुतली, उन्हात वाळवली आणि माळ्यावर टाकली. मला परवा अमरावतीला निघायचं होतं.

सकाळी बापूजींच्या गुणगुणण्यानं जाग आली. ते अंगणात होते. वॉकरचे पाय फरशीवर टकटक वाजत होते.

फळी माझ्या खाटेवर होती, पायांशी.

तिच्यावर पावडर पसरलेली होती. रेघ नव्हती. पलीकडच्या कडेपासून चार बोटांवर कुंकवाचा ठिपका होता. आई तिच्या पहिल्या दिवशी लावून ठेवी तेवढ्याच अंतरावर.

माझे गुडघे अजून धडधाकट आहेत.

मी उठले आणि अगदी जपून पाय खाली टाकला.