दुपारच्या रेघा

“मामा, असाल तसे निघा. बाबा आलेत!” भाचा फोनवर ओरडला. बाबांना जाऊन महिना झाला होता.

मामा निवृत्त फौजदार. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. पण अर्ध्या तासाने कॉफीच्या खळ्याच्या कडेला उभं राहिल्यावर त्यांच्याही अंगावर काटा आला. भर दुपार, आणि चिटपाखरू नाही. वाळत घातलेल्या बियांवर दंताळ्याच्या ताज्या रेघा होत्या, पूर्वेच्या डोंगराकडून थेट घरापर्यंत. सुतासारख्या सरळ. मेहुण्यांचाच हात! बाजूला त्यांच्याच चपलांचे ठसे.

“कधीपासून?”

“मळा विकायचं ठरलं तेव्हापासून. रोज, आम्ही जेवायला बसलो की. उद्या सह्या आहेत, मामा. माझा हात धजत नाही.”

“जेवायला कोण कोण?”

“मी, ही, दोघे गडी. आई वाढते.”

मामांनी भाचसुनेला गाठलं. “दंताळं कसं फिरवतेस गं?”

“मामंजींनी शिकवलं तसं. आपली सावली नेहमी पुढे नाहीतर मागे ठेवायची. मग रेघांमधल्या उंचवट्यांची सावली बियांवर पडत नाही. ऊन फिरलं की रेघाही फिरवायच्या.”

“चुकलो की मालक दांड्यानेच हाणायचे,” एक गडी म्हणाला.

शेवटी मामा स्वयंपाकघरात बहिणीपाशी आले. “ताई, तू काही पाहिलंस?”

“मी कुठली पाहायला? चाळीस वर्षं दुपारी या चुलीपासून हललेय का? सकाळी त्यांना चहा नेऊन द्यायचा, तेवढंच काय ते खळं दिसायचं.”

मामा पुन्हा खळ्यावर गेले. ऊन दक्षिणेकडून येत होतं आणि प्रत्येक उंचवट्याची सावली शेजारच्या बियांवर पडली होती. त्यांना बहिणीची दया आली.

त्यांनी सगळ्यांना चुलीपाशी बोलावलं.

“हे तुझ्या बापाचं भूत नाही. ही चूक तो मेल्यावरही करायचा नाही. रेघा पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळच्या उन्हाच्या आहेत, पण ओढल्यात दुपारी. म्हणजे ओढणाऱ्याने त्याला फक्त सकाळीच काम करताना पाहिलंय. तुम्ही चौघं दिवसभर खळ्यावर राबता, तुम्ही असं चुकणार नाही. राहिलं कोण? वाढून झालं की ताई कुठे जाते, कधी कुणी पाहिलंय?”

कुणीच पाहिलं नव्हतं. भाच्याने मान खाली घातली.

“हो, मीच,” ताई म्हणाली. “तीनदा सांगितलं तुला, विकू नकोस. या कानाने ऐकलंस, त्या कानाने सोडलंस. बाप मेला तरी त्याचंच ऐकतोस! माझा नाही का हा मळा?”

“चुकलो, आई. नाही विकत.”

“बरं. मग आता मला जेवू दे. दहा दिवस झाले, दुपारचं धड जेवले नाही मी.”

सून उठली आणि तिने सासूचं ताट वाढलं.