उभ्या पाण्याची वेळ

“पाणी उभं राहीपर्यंत थांबायचं, किमी. धावत असेल, तर माघारी फिरायचं.”

खाडीच्या चिंचोळ्या तोंडाबद्दल किमिकोची आई असं सांगायची. भरती-ओहोटी पालटताना तिथलं पाणी जेमतेम दहा मिनिटं स्थिर होतं; आमच्या प्रिन्स रुपर्टमध्ये त्याला उभं पाणी म्हणतात. बेचाळीस साली, जपानशी युद्ध चालू असताना, सरकारनं किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना घालवून दिलं, तेव्हा किमिको आठ वर्षांची होती. खाडीच्या आत, मासे डबाबंद करायच्या कारखान्यामागे, तिच्या तान्ह्या भावाची कबर मागे राहिली. छत्तीस वर्षांनी आई दूर टोरांटोत वारली. जाताना तिनं एवढंच मागितलं, की बाळाच्या कबरीवरचा दगड माझ्या कबरीच्या उशाशी ठेव. त्या दगडासाठी आम्ही तिघं निघालो: किमिको, माझा धाकटा भाऊ आयनार आणि मी, तिची लहानपणची मैत्रीण.

सकाळी उभं पाणी डोळ्यांनी पाहूनच आत शिरलो. कारखान्याचं छप्पर बसलं होतं. धक्क्याचे खांब दातांसारखे उरले होते, आणि जिथे चाळीस घरं होती तिथे काटेरी झुडपं माणसाच्या वर गेली होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारी देवदाराच्या बुंध्याखाली, वीतभर शेवाळ खरवडल्यावर, तिच्या वडिलांनी दगडावर छिन्नीनं कोरलेलं बाळाचं नाव सापडलं. किमिको बोटानं अक्षरं गिरवत राहिली.

दगड दोघांनी उचलावा एवढा जड. तो होडीच्या मागच्या बाजूला ठेवला. आयनारनं भरती-ओहोटीचं पुस्तक उघडलं, चार वाजेपर्यंत फुरसत आहे म्हणाला, म्हणून आम्ही शिदोरी खाल्ली.

परतताना धुकं इतकं दाट, की वल्ह्याचं टोक दिसेना. चार वाजत आले होते. अचानक पुढून गडगडाट ऐकू आला. उभं पाणी असा आवाज करत नाही!

“आयनार, तू पुस्तकातल्या वेळेत तास मिळवलास?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, मिळवावाच लागतो की.”

“मी तो सकाळी पेन्सिलीनं मिळवून ठेवला होता.”

“हिल्डा, तुझा देव पाऊस थांबवत नाही तर नाही, पण निदान तुला सांगायला तरी लावायचं होतं त्यानं.”

ओहोटी लागून तास झाला होता. आयनारनं होडी वळवली. मोटर किंचाळली, पण प्रवाह वरचढ होता. आम्ही मागे मागे खेचले जात होतो. मग खडक दिसले. काळे, फेसाळते! पहिली लाट मागून आत आली. दुसरी गुडघ्यापर्यंत. दगडाच्या भारानं होडीची मागची बाजू बुडायला लागली. मी पाणी उपसत होते आणि ओठांत स्तोत्र चालू होतं, पण शब्द चुकत होते. आयनार दगडाकडे बघत होता. हात मात्र लावत नव्हता.

किमिको उठली. गुडघे टेकून तिनं दोन्ही हातांनी दगड काठावर चढवला.

“आई, माफ कर,” ती म्हणाली आणि ढकलला.

होडी मागून उसळली. आयनारनं नाक प्रवाहाच्या दिशेनं फिरवलं. खडक खांद्याजवळून गेला. एक हिसका, एक घरंगळणं, आणि मग सपाट, करडा समुद्र. आयनारचं मनगट मोडलं होतं. तरी तिघंही जिवंत होतो.

तिसऱ्या दिवशी मी किमिकोला आगगाडीवर सोडायला गेले. आईच्या कबरीपाशी काय सांगायचं, ते तिनं ठरवलं होतं. काळजी दुसरीच होती.

“आता बाळाच्या कबरीवर नावसुद्धा उरलं नाही,” ती खिडकीतून म्हणाली. “दोन वर्षांत झुडपं जागा गिळतील.”

मी म्हटलं, दर उन्हाळ्यात जाईन आणि जागा मोकळी ठेवीन. तिनं माझा हात धरला. मग गाडी हलली.

घरी आले तर आयनार बांधलेला हात पोटावर घेऊन झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. विळा घेतला, बाळाचं नाव कोरायला देवदाराची फळी काखेत मारली आणि धक्क्याकडे चालायला लागले.