आत्ताच दिलेली शिळी चिठ्ठी

डॉक्टर मोघ्यांपाशी त्या दुपारी सगळं काही होतं. मेथी होती, पालक होता, डब्यात थालीपीठ होतं आणि बाहेर पडायला एक भक्कम दारही होतं. फक्त ते दार उघडत नव्हतं आणि आतली हवा संपत चालली होती.

दाराची किल्ली चंद्रावर नव्हती. ती होती सांगलीत, त्यांच्या मुलीच्या हातात. किल्ली बरोबर होती, दारही बरोबर होतं. तरी दार म्हणत होतं, "नाही."

चुकलं होतं कुठे?

डॉक्टर मोघे म्हणजे सहावीतल्या शर्वाणीचे आजोबा. त्यांची 'चांदभाजी' नावाची कंपनी होती. शेत चंद्रावर, ऑफिस सांगलीत. शेतावरचे दिवे, पाणी, हवा आणि दारं सांभाळणारी अ‍ॅप तिकडच्या संगणकावर चालायची आणि सांगलीच्या पडद्यावर दिसायची. अशांना दूरस्थ अ‍ॅप (चालतं एकीकडे, वापरायचं दुसरीकडून) म्हणतात. ऑफिस सांभाळायची त्यांची मुलगी, म्हणजे शर्वाणीची वैजूआत्या. तिच्या मदतीला होता गणपुले. गणपुले यंत्रमानव होता. कंपनीने तो जुना विकत घेतला, तेव्हा तो आडनावासकट आला होता.

त्या दुपारी सुपारीएवढा एक दगड अवकाशातून आला आणि शेताच्या घुमटाला भोक पाडून गेला. हवा गळतेय असं दिसताच सुरक्षायंत्रणेने दार बंद केलं आणि वाया जाऊ नये म्हणून दारापलीकडच्या बोळातली हवाही काढून घेतली. आजोबा आत अडकले. अवकाशपोशाख बाहेर खुंटीला होता, कारण तो घालून मेथी खुडता येत नाही.

"अण्णा, भोकावर काय लावलंत?" आत्याने माइकमध्ये विचारलं.

"थालीपीठ," आजोबांचा आवाज आला. "बाहेर पोकळी, आत हवा. आतली हवाच त्याला भिंतीवर दाबून धरतेय. झकास बसलंय. पण वैजू, तू थालीपिठाला मधे भोकं का पाडतेस गं?"

"तेल सोडायला!"

"त्यातूनच हवा जातेय."

 आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला आपल्या स्वयंपाकाची भीती वाटली.

काम तसं सोपं होतं. आधी 'हवा' अ‍ॅपने बोळात हवा भरायची, मग 'दार' अ‍ॅपने दार उघडायचं. आत्या कंपनीच्या पोर्टलमध्ये (संगणकावरच्या महाद्वारात) शिरली आणि 'हवा'वर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: 'सही ओळखली. चिठ्ठीची मुदत संपली. प्रवेश नाही.'

तिने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच.

"ताई, तिसऱ्यांदा नकार आला की अ‍ॅप तासभर कुलूपबंद होतं," गणपुले शांतपणे म्हणाला. "हा नियम आपणच घातलात. मला तेव्हा फार आवडला होता."

आत्याने हात झटकन मागे घेतला.

"जुना पासवर्ड टाक ना!" शेजारी उभी असलेली शर्वाणी म्हणाली.

"सकाळीच बंद केले गं सगळे. प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा पासवर्ड. गेल्या महिन्यात मी पाण्याचा पासवर्ड दिव्यांना देत बसले आणि तोवर पालक गारठून मेला. म्हणून तर हे सिंगल साइन-ऑन (एकदाच ओळख पटवायची आणि सगळीकडे शिरायचं) बसवलं."

"पण चिठ्ठी कसली?"

"शरू, आत्ता नको."

"समजावून सांगताना स्वतःची चूक सापडते, असं माझ्या माहितीपुस्तिकेत आहे," गणपुले म्हणाला. "माझ्या मागच्या मालकांना सापडली होती. त्यांनी मला विकलं."

आत्याने एक खोल श्वास घेतला. मग आजोबांची हवा आठवून तो अर्ध्यावरच सोडला.

"ऐक. तुला वर्गातून वाचनालयात जायचंय. वाचनालयाचे सर तुला ओळखत नाहीत. बाई ओळखतात. मग बाई काय करतात?"

"सही करून चिठ्ठी देतात."

"बरोबर. पोर्टल म्हणजे बाई. मी सकाळी पोर्टलला माझी ओळख पटवली, एकदाच. आता मी 'हवा'कडे गेले की पोर्टल मला चिठ्ठी देतं. तिला टोकन म्हणतात. त्यावर असतं माझं नाव, कुठल्या अ‍ॅपसाठी, किती वाजता दिली आणि कधीपर्यंत चालेल. खाली पोर्टलची डिजिटल सही (जिची नक्कल करता येत नाही अशी संगणकी खूण)."

"आणि सरांना कसं कळतं, सही बाईंचीच आहे?"

"त्यांच्याकडे सहीचा नमुना असतो. तो मी प्रत्येक अ‍ॅपला आधीच देऊन ठेवला. म्हणून अ‍ॅपला माझा पासवर्ड कधी कळतच नाही. ते फक्त सही बघतं आणि मुदत बघतं."

"मग सही तर ओळखली म्हणतंय."

"हो."

"म्हणजे भांडण फक्त मुदतीचं. मुदत किती असते?"

"पाच मिनिटं."

"आणि चिठ्ठी कधी दिली?"

"अगं, आत्ता! बोट ठेवलं त्या क्षणी!"

"मग ती शिळी कशी झाली? वाटेत रेंगाळली?"

"चंद्रावरून इथे यायला प्रकाशाला सव्वा सेकंद लागतो. रेडिओलाही तेवढाच. आणि सकाळी मी इथल्या इथे, पलीकडच्या खोलीतल्या संगणकावर करून पाहिलं होतं. एकदम चाललं."

"मुदत वाढव मग. एक दिवसाची कर."

"पाच मिनिटांहून मोठी चिठ्ठी अ‍ॅप घेतच नाही. चोराच्या हाती लागली तर?"

स्पीकरमधून आजोबांचा आवाज आला. आता तो दमला होता. "कान दुखायला लागलेत गं. मेथीची पानं सगळी थालीपिठाकडे वळलीत, भूक लागल्यासारखी. आणि चारचा चहा तर गेलाच. चार वाजून दहा झाले."

शर्वाणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ऑफिसात अजून चारही वाजले नव्हते.

ती माइकवर झेपावली. "आजोबा! शेतातल्या संगणकाचं घड्याळ कुणी लावलं?"

उत्तर यायला अडीच सेकंद पुरतात. या वेळी जरा जास्त लागले.

"मी," आजोबा म्हणाले. "दहा मिनिटं पुढे ठेवलंय. आपल्या घरी कायम असतंच की. रॉकेट चुकायला नको."

"अण्णा, रॉकेट महिन्यातून एकदा येतं!"

"म्हणूनच तर."

 चारला दिलेली, चार-पाचपर्यंत चालणारी चिठ्ठी शेतावर पोचत होती तेव्हा तिकडे चार-दहा झालेले असायचे. अ‍ॅप बिचारं नियमाने वागत होतं. जन्मतानाच चिठ्ठी म्हातारी होती.

"मग तिकडचं घड्याळ मागे घे!" शर्वाणी म्हणाली.

"त्यासाठीही शेताच्या संगणकात शिरावं लागतं, इथून असो की तिथून. त्यालाही चिठ्ठी लागते."

 स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. ते थालीपीठ होतं.

"आत्या," शर्वाणी हळूच म्हणाली, "चंद्र मागे येत नसेल तर सांगलीच पुढे जाऊ दे. चिठ्ठीवर वेळ कोण घालतं? पोर्टल. आणि पोर्टल तर आपल्याकडे आहे."

आत्याचा हात घड्याळाच्या खुणेकडे गेला आणि थांबला. "दहा मिनिटं नक्की का? अण्णांचं दहा म्हणजे सातपासून पंधरापर्यंत काहीही असतं. आपण फार पुढे गेलो तर अ‍ॅप म्हणेल, ही चिठ्ठी अजून लिहिलीच गेलेली नाही. आणि एकच संधी उरलीय."

"आजोबा, संगणकाच्या घड्याळाकडे बघा. मिनिट बदलेल तेव्हा 'हं' म्हणा. नुसतं 'हं'. गोष्ट सांगू नका."

शिट्टी वाढत होती. शर्वाणीने पोर्टलच्या घड्याळावर डोळे रोखले. 

"हं. चार अठरा. तुला सांगतो, मी लहान असताना..."

"आजोबा!"

ऑफिसात चार-चार झाले होते. फरक दहाचा नव्हता, चौदाचा होता. दहा धरून पाठवलेली चिठ्ठी पोचली असती खरी, पण संपायला जेमतेम मिनिट उरलं असतं. आत्याने पोर्टलचं घड्याळ चौदा मिनिटं पुढे सारलं.

गणपुलेचं घड्याळ पोर्टलला जोडलेलं होतं. तो ताठ उभा राहिला. "चार अठरा. सव्वाचारला माझी चार्जिंगची वेळ होते. मला उशीर झाला आहे, आणि मी तर इथेच होतो. नमस्कार." तो कोपऱ्यात गेला आणि स्वतःला भिंतीत खुपसून डोळे मिटून बसला.

आत्याने 'हवा'वर बोट ठेवलं.

पडदा विचार करत राहिला.

'सही ओळखली. मुदत आहे. या.'

"भर, भर, भर!" शर्वाणी ओरडली. बोळातला हवेचा काटा चढू लागला. तेवढ्यात स्पीकरमध्ये काहीतरी फाटल्यासारखं वाजलं.

"थालीपिठाचा एक तुकडा गेला," आजोबा धापा टाकत म्हणाले. "चंद्रावर."

"उरलेल्यावर डब्याचं झाकण दाबा आणि दारापाशी या!"

काटा हिरव्यावर आला. आत्याने 'दार' अ‍ॅप उघडलं. त्याने तिला पासवर्ड विचारला नाही. पोर्टलने त्याच्या नावाची नवी चिठ्ठी दिली, अ‍ॅपने सही पाहिली, वेळ पाहिली आणि ते बाजूला झालं.

दार सरकल्याचा आवाज झाला. मग ते बंद झाल्याचा. मग बराच वेळ नुसता कुणीतरी श्वास घेत असल्याचा. सांगलीत दोघींनी तो आवाज एखादं गाणं ऐकावं तसा ऐकला.

"आलो बाहेर," आजोबा म्हणाले. "मेथीची एक जुडीही आणलीय."

आत्या आधी रडली आणि मग ओरडली. ओरडताना तिने एक काम मात्र नीट केलं: शेताच्या संगणकात शिरून तिकडचं घड्याळ बरोबर केलं, पोर्टल आणि शेत दोघांनाही एकाच मुख्य घड्याळाला जोडलं आणि ते हाताने बदलायची सोयच काढून टाकली.

"आता कळलं," शर्वाणी म्हणाली. "एकाच चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा तर दोघांना सही एकच माहीत हवी, आणि वेळही एकच हवी."

"छान. मग पुढचं ऐक," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा आजोबांसारखा झाला होता. "पुढच्या वर्षी मला मंगळावर वांगी लावायचीत. मंगळ लांब गेला की निरोप पोचायलाच वीस मिनिटं लागतात. तुमची पाच मिनिटांची चिठ्ठी वाटेतच मरेल. घड्याळं कितीही बरोबर असली तरी."

आत्या बोटांवर मिनिटं मोजायला लागली. 

शर्वाणी खिडकीपाशी गेली. दुपारच्या आकाशात चंद्र फिकट दिसत होता. मंगळ दिसत नव्हता, पण असणार कुठेतरी तिकडेच. 

"आजोबा," ती वळून म्हणाली, "चिठ्ठी इतक्या लांब पाठवायचीच कशाला? सह्या करणाऱ्या बाईंनाच मंगळावर नेऊन बसवू."

अडीच सेकंद गेले.

"वैजू," चंद्रावरून आवाज आला, "रॉकेटात दोन जागा सांग. एक माझी, एक बाईंची."