सवतीचा टाक

मी धोंडूबाई, मिरकरवाड्याची. डोकीवर मासळीची पाटी आणि तोंडाला कुलूप नाही. बंदरावरच्या शिपायाच्या टोपीत जिवंत कुर्ली सोडली ती मीच. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या पाखाडीवरची दोन भुतं लोकांना भिववायला मीच झाले होते.

शिरोड्याला सत्याग्रहात मीठ उचललं त्या सालची गोष्ट. खालच्या आळीत भागोजी कारकुनाचं घर, मी मागच्या दारी जायचे. त्याची पहिली बायको राही. बांगडा घेताना डाव्या अंगठ्याने कल्ला उचलून वास घ्यायची, मग नाक मुरडायची. उलट बोलते म्हणून त्याने तिला माळ्यावर कोंडली. "अंगात येतं तिच्या," म्हणे. वरून पाय आपटल्याचा आवाज यायचा. मी ऐकायचे, मासे विकायचे नि पुढे जायचे. शिमग्यानंतर ती गेली. तापाने, म्हणाला.

वैशाखात दुसरी आणली, हेदवीची बकुळा. लग्नात ताटातल्या तांदळावर तिचं नवं नावही राहीच लिहिलं. "जिभेला सवय आहे," म्हणतो मेला. आणि रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक, चांदीवर मेलेलीचा चेहरा. आधी टाकाला घास दाखवायचा, मग हिने जेवायचं.

दिवाळीच्या सुमारास मी हाक मारली, "बकुळा गो."

मान वर नाही.

"अगो, तुलाच."

"कोण बकुळा?" म्हणाली, आणि डाव्या अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उचलला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"काय?"

कपाळ माझं. एक घालवली, आता दुसरी पुसत चाललाय, आणि हा बाबा ओटीवर पान चघळतोय. वर मलाच सांगतो, "हीपण उलट बोलायला लागली गो, धोंडूबाय. उद्या माळा झाडून घेतो."

त्या दुपारी तो ओटीवर घोरत पडला, तेव्हा मी बकुळाला म्हटलं, "काढ तो टाक."

"सवत कोपेल."

"कोपू दे. ज्याच्यावर कोपायचं त्याच्यावर कोपेल."

तिच्या अंगावरून काढलेला टाक, तरी पाटीतल्या मासळीसारखा थंड. मी तो हळूच भागोजीच्या गळ्यात बांधला. हसू दाबताना ठसका लागला मला. तो हलला नाही. घोरणं मात्र थांबलं.

बकुळा गळा चोळत उभी. "मावशी," म्हणाली, "मी बकुळा ना?"

तिन्हीसांजेच्या आत तिला हेदवीकडच्या मचव्यात बसवली.

दुसऱ्या सकाळी मी गंमत बघायला गेले. मागचं दार उघडं. भागोजी उंबऱ्यावर बसलेला. गळ्यात टाक, कमरेला माळ्याची किल्ली.

"काय भागोजीराव, बायको कुठाय?"

तो पाटीकडेच बघत राहिला.

माझी खोड कुठे जाते. म्हटलं, "राही."

"ओ," म्हणाला.

पाटीत हात घातला. डावा अंगठा. कल्ला. नाक मुरडलं.

"शिळे आहेत गो."



"भागोजीराव, पुरे झाली थट्टा."

"हळू बोल," तो कुजबुजला. "आमचे हे वर आहेत."

घरात दुसरं कुणी नव्हतं.

माळ्यावर पाय आपटला. मग पुन्हा.

राहीने दोन बांगडे निवडून घेतले. मी पाटी उचलली नि पुढे गेले.