अब्बांच्या नावावरची गाडी

लुबना आणि मुज्तबा यांची पहिली गाठ पडली ती वाकड्या टाचलेल्या कागदांवरून. लातूरच्या औसा रोडवर दुचाकींचं एक शोरूम होतं, तिथं मुज्तबा बुकिंगच्या टेबलावर बसायचा. लुबनाच्या वडिलांनी, हनीफमियाँनी, मोपेडच्या फॉर्मवर चार ठिकाणी सह्या केल्या आणि कागद परत देण्याऐवजी त्यांची पिन काढली. कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, मग पुन्हा टाचल्या. चाळीस वर्षं पुस्तकांना जिल्द बांधणाऱ्या माणसाला वाकडा कागद बघवत नव्हता.

"अब्बा, ते ऑफिसचे कागद आहेत..." लुबना हळूच म्हणाली.

"राहू द्या मॅडम," मुज्तबा म्हणाला. "या फाइलीत पहिल्यांदाच काहीतरी सरळ लागलंय."

तिनं वर पाहिलं. तोही पाहत होता — मग दोघंही एकदम फॉर्म वाचू लागले.

गाडी लुबनासाठी होती. एका क्लासमध्ये ती बारावीला प्राणिशास्त्र शिकवायची आणि पहिली बॅच सकाळी सहालाच भरायची. चार वर्षांपूर्वी भूकंपात घराची मागची भिंत बसली, तेव्हा गाडीचा विषय मागं पडला होता. पुढं शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले, बाहेरगावची पोरं लोंढ्यानं आली, आणि त्यांच्या नोट्सचं बाइंडिंग करायला हनीफमियाँचे दोन हात पुरेनात. घरातली पहिली गाडी आपल्या नावावर असावी, एवढी एकच हौस त्यांनी कधी बोलून दाखवली होती. दीड महिन्यात मिळेल, असं मुज्तबानं सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी रात्री, हनीफमियाँ गेले. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दफन झालं.

दीड महिना भरला तसा एका सोमवारी लुबना शोरूमवर गेली. मुज्तबानं काही विचारायच्या आतच म्हणाली, "अब्बा उदगीरला गेलेत. फुफीकडं."

खरं सांगितलं तर फॉर्म रद्द होणार आणि अब्बांचं नाव खोडलं जाणार, हे तिला ठाऊक होतं. त्या चार सह्यांनंतर त्यांनी कुठंच सही केली नव्हती.

मुज्तबा थोडा वेळ फाइलीत बघत राहिला. मग म्हणाला, लॉट अडकलाय, पुढच्या सोमवारी बघा.

ती पुढच्या सोमवारी गेली. त्याच्या पुढच्याही. गाडी येत नव्हती, चहा मात्र न सांगता यायचा. नव्या रबराच्या वासात, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या गाड्यांच्या रांगेपाशी ती दहा मिनिटं बसायची. मग ती पंधरा झाली, मग कधीतरी अर्धा तास. घरी अम्मी इद्दतीत होती, नवरा गेल्यानंतरचे चार महिने दहा दिवस घरातच काढत होती. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, आणि इथं बोलताना तिला आपला आवाज परका वाटायचा.

शोरूमचा मेकॅनिक नरसिंग एकदा जाता जाता म्हणाला, "मॅडम, सोमवार कळायला आमाला कॅलेंडर लागत न्हाई. साहेबांनी दाढी केली की सोमवार."

मुज्तबाचे कान लाल झाले. विषय बदलायला त्यानं विचारलं, बेडकाच्या हृदयात खरंच तीनच कप्पे असतात का?

"हो."

"मग माणसाला एक जास्तीचा कशाला?"

"लपवायला काही असतं म्हणून..." ती बोलून गेली, आणि चहा तसाच ठेवून उठली.

सहाव्या सोमवारी सकाळी भौतिकशास्त्राचे पंचाक्षरी सर क्लासमध्ये पेढे वाटत होते. तीच मोपेड, त्याच शोरूमची. त्यांनी लुबनानंतर महिन्यानं नंबर लावला होता.

दुपारी ती टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही. मुज्तबानं नजर चुकवली नाही.

"तुमची गाडी पाच आठवड्यांपूर्वीच आली," तो म्हणाला. "मी ती पुढच्याला दिली."

"का?"

"त्या नावावर पासिंग केलं असतं तर कागद खोटे ठरले असते. उद्या रस्त्यावर तुम्हाला काही झालं तर विमासुद्धा नाही. आणि विचारायची माझी हिंमत नव्हती... तुम्ही दर वेळी उदगीर म्हणत होता."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मी खांदा दिला होता."

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. भूकंपानंतर तो कॉलेजच्या पोरांबरोबर किल्लारीला मदतीला गेला होता. तिथं कित्येकांना खांदा द्यायला घरचं माणूस उरलं नव्हतं. तेव्हापासून जनाजा दिसला की ओळख असो नसो, तो चार पावलं जायचा. त्या शुक्रवारीही असाच गेला. दफनाआधी चेहरा दाखवला, तेव्हा त्यानं ओळखलं.

लुबना खुर्चीवर बसली. मग तिनं नवा फॉर्म मागितला. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'मरहूम', म्हणजे दिवंगत, हा शब्द तिनं अजून कुठंच लिहिला नव्हता. तो लिहिला, आणि त्यापुढं हनीफ.

"आता नंबर शेवटचा लागेल," तो म्हणाला. "दोन महिने तरी. मी मालकांशी बोलून—"

"नको. नंबरानंच येऊ द्या." फॉर्म त्याच्याकडं सरकवत ती म्हणाली, "मला यायला जमेल."

त्यानं फॉर्म फाइलीत लावला. मग अगदी हळू, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "लुबना... गाडी मिळाल्यावरही येत जा. मला सोमवारची सवय झालीय."

"अब्बा कुठं आहेत?" तिनं विचारलं. "आमच्या घरच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. चुलतभाऊ नुसतं म्हणतात, चांगली जागा आहे."

मुज्तबानं रद्द झालेला फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रेघा ओढल्या. फाटक. हातपंप. मग कडुनिंब, आणि त्याच्यापासून तिसरी कबर. शुक्रवारी नमाजानंतर मी जाऊन येतो, पाणी घालतो, असं तो मान वर न करता म्हणाला.

"दुपारी सावली कुणीकडं पडते?"

"त्यांच्याकडंच."

तिनं कागदाची काळजीपूर्वक घडी केली. कडेला कडा जुळवून. ओढणीच्या टोकानं डोळे टिपले आणि उठली.

"अम्मीची इद्दत संपली की घरी या," ती म्हणाली. "हे तिलाही सांगा. तिनंही विचारलेलं नाही कुणाला."

"गाडी घेऊन येऊ?"

"नंबर लागला असला तर." दारापाशी ती वळली. "नसला, तरी या."