शालूबाईचं दळण

शालूबाईची फाइल पाठवायला बसले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी पूर्ण शुद्धीवर होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण म्हातारीला भास झाला म्हणून हात झटकायला लोकांना फार आवडतं.

माझी शाळा सातवीत सुटली. कॉम्प्युटर बासष्टाव्या वर्षी माझा मीच शिकले, कुणाच्या पाया पडले नाही. सुलतानपूरच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड करते आणि पुण्याच्या एका संग्रहाला पाठवते. पाठवण्याचा प्रोग्राम असा चालतो: एक लाइन बोलण्याची, ती सतत चालू. प्रत्येक फाइलसाठी वेगळी लाइन उघडते, माल नेते आणि बंद होते. ती बंद झाली की पलीकडचा समजतो, फाइल संपली. संपल्याची दुसरी खूण नाही. आमचं नेट दुबळं, म्हणून माल नेणाऱ्या लाइनींची मर्यादा मी एकावर ठेवलेली.

शालूबाई जाऊन दोन महिने झाले होते. तिची लेक वंदना शेजारी स्टुलावर बसली होती, हातातला चहा तसाच.

"गोविंदाच्या नावाच्या किती ओव्या हायेत वो मावशी?"

"नऊ."

"अन् माह्या?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले. एकही नव्हती. अकरा मिनिटांची फाइल मला तोंडपाठ होती.

"चार वर्सं तिचं सारं मीच केलं. गोविंदादादा दिवाळीले ये अन् पाव्हण्यासारखा निंगून जाये," ती म्हणाली. "एक तरी म्हणाची ना मायनं. लय नाही. एक."

फाइलच्या शेवटी शालूबाई दमून म्हणते, "राहू दे आता, हात भरून आला," आणि जातं थांबतं. तिथे मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

फाइल शंभर टक्के गेली. लाइन मात्र बंद होईना. गेलेल्या मालाचा आकडा वाढतच होता.

"काय जाऊन राह्यलं वो आता?"

"तेच कळेना."

फाइलचा आकार मी तीनदा पाहिला. होता तेवढाच. पुण्याला समताला फोन लावला; तिथलं ती सांभाळते.

"मावशी, काय पाठवताय? सतरा मिनिटांची झाली आहे. अजून येतेच आहे."

"अकराचीच आहे गं. चष्मा लाव."

"लावलाय," ती म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता.

वंदना उठून उभी राहिली. "मायचीच हाय ना? मंग आना ना माघारी!"

मर्यादा मी एकावरून दोनवर नेली. एक लाइन पाठवायला, एक आणायला. पुण्याला पोचलं होतं तेवढं उतरवून घेतलं, स्पीकर मोठा केला आणि अकराव्या मिनिटापासून लावलं.

हात भरून आला... आणि मग शांतता. त्यानंतर जातं पुन्हा सुरू झालं. एकटीचं जातं अर्ध्या फेऱ्यात अडतं. घर्रर्र... आणि अडतं. घर्रर्र... आणि अडतं. खोलीत ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास आला. माझ्या घरात तेव्हा दाणा नव्हता. मग शालूबाईचा आवाज, अगदी जवळून:

*दळण सरेना माझं, एकटीचा गं हात*
*वंदना माझ्या लेकी, ये खुंट्याला दे साथ*

वंदनाच्या हातातला कप कलंडला. गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये; मी तिच्या तोंडावर हात धरायला गेले, पण उशीर झाला.

"ओ, माय..."

जात्याचं अडणं थांबलं. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात तेव्हा जातं जसं फिरतं, तसं ते सरसर फिरू लागलं.

आणि ही फाइल मी पाच मिनिटांपूर्वी उतरवली होती. ओ तिनं आत्ता दिली होती. हे कसं बसवायचं? मी अजून बसवते आहे.

मी नेटची वायर उपटली.

"काऊन काढली वो?" वंदना हसत होती, डोळे भरून. "घेतलं ना तिनं नाव. माहं नाव घेतलं."

ती आनंदानं घरी गेली. भलीचंगी आहे, जेवते-खाते, शेतात जाते. याला आज आठ दिवस झाले. समतानं त्यांची मशीन दोनदा बंद करून चालू केली. माझी वायर त्या दिवसापासून खुंटीला टांगलेली आहे, तरी तिकडे फाइल वाढतेच. समता रोज नवा तुकडा फोनवर पाठवते, आणि मी हेडफोन लावून ऐकते, कारण न ऐकून जीव राहत नाही.

आज दुपारी ऐकत असतानाच वंदनाचा फोन आला. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि तिथे घरातला जुना फोन धरला.

"मावशी, माय अजून एकटीच दळते का वो?"

"नाही गं. दोघी आहेत."

"दुसरी कोन हाय?" तिनं हळूच विचारलं. "गाते का ते?"

दुसरी गात होती. माझ्या दोन्ही कानांत वंदनाच होती.